वार्ताफलक : महामारीच्या काळातील रहिवासी संघाचे एक कार्य

(द्वितीय वर्ष, कला शाखेतील एक विद्यार्थिनी)

संकटाच्या काळात माणसाला अन्न, पाणी व औषध यांची गरज असते, हे कोणीही सांगेल. परंतु हे अन्न कोठे मिळते, पाणी किती वाजता येते आणि औषधासाठी कोणाकडे जावे, हे ठाऊक नसेल तर त्या वस्तू असूनही नसल्यासारख्याच होतात. म्हणून माहिती हीदेखील एक जीवनावश्यक वस्तूच मानली पाहिजे. कोरोना महामारीच्या काळात मुंबईच्या चाळींतून व वस्त्यांतून ही वस्तू घरोघर पोहोचवण्याचे काम अनेक ठिकाणी तेथील रहिवासी संघांनी केले. समाजशास्त्राच्या पुस्तकांतून आपण समाजातील संस्थांचा अभ्यास करतो, पण आपल्याच गल्लीतील संस्थेकडे अभ्यासाच्या दृष्टीने सहसा पाहत नाही. तसे पाहण्याचा अल्पसा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

रहिवासी संघ म्हणजे काय?

मुंबईत एकत्र राहणाऱ्या लोकांच्या संघटना दोन प्रकारच्या आढळतात. सदनिकांच्या इमारतीत सहकारी गृहनिर्माण संस्था असते. तिला १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचा आधार असतो आणि कचेरी, सभासद व वर्गणी हे सारे ठरलेले असते. चाळींत व डोंगरउतारावरच्या वस्त्यांत मात्र रहिवासी संघ किंवा चाळ कमिटी असते. तिची कोठे नोंदणी असते, कोठे नसते. अध्यक्ष, चिटणीस व खजिनदार अशी पदे असतात, आणि बहुधा तीच मंडळी गणेशोत्सवातही पुढे असतात.

अशा संघांची परंपरा जुनी आहे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली आणि तिने कामगारांसाठी चाळी बांधल्या. पुढे १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे बी. डी. डी. चाळी उभ्या राहिल्या. एकाच गॅलरीत दहा-दहा बिऱ्हाडे आणि मोरी, नळ, शौचकूप सामाईक, अशी राहणी असल्यावर आपसांत नियम करणे भागच पडते. त्या गरजेतून चाळ कमिटी जन्मास आली. आजही संघाचे नित्याचे काम म्हणजे पाण्याची वेळ, शौचालयाची स्वच्छता, दिव्यांची तक्रार, आणि कोणाकडे मयत झाली तर तिरडीच्या सामानापासून पुढची सर्व व्यवस्था. महामारीत संघाच्या शब्दाला जो मान मिळाला, त्याचे मूळ या नित्याच्या कामात आहे, हे पुढील विवेचनावरून वाचकांच्या ध्यानात येईल.

इतिहासातील एक धडा

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे रुग्ण आढळले. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा रोग ओळखला. पाठोपाठ फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग अधिनियम अमलात आला. पुण्यात प्लेगचे अधिकारी रँड यांच्या हाताखाली गोरे शिपाई घरात शिरून झडती घेऊ लागले. रोग्याला कोठे नेतात, तो परत येईल की नाही, घरातील सामान का जाळतात, हे कोणी समजावून सांगत नव्हते. तेव्हा लोक रोगी लपवू लागले. असंतोष इतका वाढला की २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. याच साथीत सावित्रीबाई फुले आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्यासह रुग्णांची सेवा करीत होत्या. ती सेवा करतानाच त्यांना प्लेग झाला व १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला.

या दोन उदाहरणांतील फरक विचार करण्यासारखा आहे. साथ एकच आणि शहरही एकच. एकीकडे हुकूम होता, दुसरीकडे ओळख होती. हुकूम कितीही शहाणपणाचा असला, तरी तो अनोळखी तोंडून आला की भय उत्पन्न करतो. १८९७ चाच कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला. या वेळी मात्र तो हुकूम आणि घराचा उंबरठा यांच्यामध्ये अनेक ठिकाणी कोणी ओळखीचा माणूस उभा होता.

फलकावर काय लिहिले जाई?

२४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी २१ दिवसांच्या टाळेबंदीची घोषणा केली व मध्यरात्रीपासून ती अमलात आली. मुंबईत वर्तमानपत्रे घरी येणे थांबले. १८ एप्रिलच्या शासकीय आदेशात तर घरोघर वर्तमानपत्र टाकण्यास मनाईच करण्यात आली. दूरचित्रवाणीवर दिवसभर बातम्या चालत, पण त्या देशाच्या व जगाच्या असत. आमच्या गल्लीतील रेशनचे दुकान उद्या उघडेल का, हे त्यांत कळणे शक्य नव्हते.

मी राहते त्या वस्तीत नळाजवळच्या भिंतीवर संघाचा एक काळा फळा आहे. एरवी त्यावर सुविचार, वाढदिवसाच्या शुभेच्छा व दुःखद निधनाच्या वार्ता असत. टाळेबंदीत त्याचे रूप बदलले. या लेखासाठी मी संघाच्या त्या वेळच्या चिटणीसकाकांना भेटले, तेव्हा त्यांनी सांगितलेले तीन नियम मला महत्त्वाचे वाटले. पहिला : प्रत्येक सूचनेवर तारीख व वेळ घालायची. दुसरा : ही गोष्ट कोणाकडून कळली, म्हणजे वॉर्ड कचेरी, पोलीस चौकी की रेशन दुकानदार, ते लिहायचे. तिसरा : मुदत संपलेली सूचना त्याच दिवशी पुसायची. काका स्वतः गिरणीत कामाला होते व त्यांचे शिक्षण सातवीपर्यंतचे आहे, पण पत्रकारितेच्या वर्गात शिकवावेत असेच हे नियम आहेत.

सूचना कशी उपयोगी करावी लागते, याचे उत्तम उदाहरण धान्याचे आहे. एप्रिल २०२० पासून प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेतून अंत्योदय व प्राधान्य कुटुंबांना दरमहा माणशी ५ किलो तांदूळ मोफत मिळू लागला. ज्या केशरी शिधापत्रिकाधारकांचे नाव प्राधान्य यादीत नव्हते, त्यांच्यासाठी राज्य शासनाने मे व जून महिन्यांत माणशी ३ किलो गहू ८ रुपये दराने आणि २ किलो तांदूळ १२ रुपये दराने देण्याची सोय केली. वाचणाऱ्याला हे दोन सरळ नियम वाटतील. प्रत्यक्षात मात्र शेजारच्या दोन घरांत केशरीच कार्ड असे, पण एकाला तांदूळ फुकट व दुसऱ्याला विकत. त्यावरून दुकानदार लबाडी करतो असा समज होऊन रांगेत भांडणे होत. फलकावर “तुमच्या कार्डावर प्राधान्याचा शिक्का आहे का, ते आधी पाहा” एवढे एक वाक्य आले आणि भांडणे पुष्कळ कमी झाली.

दुसरे उदाहरण जनधन खात्यांचे. महिलांच्या खात्यात एप्रिल ते जून असे तीन महिने ५०० रुपये जमा झाले. बँकेत गर्दी होऊ नये म्हणून पहिल्या महिन्यात खात्याच्या शेवटच्या अंकानुसार दिवस ठरले होते : ० व १ असल्यास ३ एप्रिल, २ व ३ असल्यास ४ एप्रिल, आणि याप्रमाणे ९ एप्रिलपर्यंत. आता, ज्या बाईला पासबुक वाचता येत नाही तिला शेवटचा अंक कोणता हे कसे कळावे? तेव्हा वस्तीतील शाळकरी मुलींनी नळावर आलेल्या बायकांची पासबुके पाहून प्रत्येकीला तिचा दिवस सांगितला. माझ्या आईला अक्षरओळख नाही, आणि आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे फळा लिहिल्याने काम अर्धेच होते, तो मोठ्याने वाचून दाखवल्यावर ते पुरे होते, ही गोष्ट मला पुस्तकातून शिकावी लागली नाही.

अफवांचा उपद्रव

१५ फेब्रुवारी २०२० रोजीच जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी रोगाच्या साथीबरोबर खोट्या माहितीचीही साथ पसरत असल्याचा इशारा दिला होता. त्याचा प्रत्यय आपल्याकडे लवकरच आला. कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो, या अफवेने फेब्रुवारी-मार्चमध्ये कुक्कुटपालन करणारे शेतकरी हवालदिल झाले. जनधनचे पैसे लगेच न काढल्यास सरकार परत घेईल, अशी आवई उठली व बँकांपुढे रांगा लागल्या. सर्वांत गंभीर प्रकार १४ एप्रिल २०२० रोजी घडला. टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढल्याची घोषणा झाली त्याच दिवशी, गावाकडे गाड्या सुटणार या समजुतीने वांद्रे स्थानकाबाहेर हजारो मजूर जमले. त्यांना पांगवण्यासाठी पोलिसांना लाठ्या चालवाव्या लागल्या. श्रमिक विशेष गाड्या प्रत्यक्षात १ मेपासून सुरू झाल्या.

हे लोक अडाणी होते म्हणून फसले, असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. ज्याच्या घरात महिन्याचे धान्य आहे त्याला खोटी बातमी ऐकून घरी बसता येते. रोजंदारीवर जगणाऱ्याला ती खरी निघाली तर, या आशेने जावेच लागते. चुकीच्या माहितीची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. ज्याच्यापाशी कमी आहे, त्याला ती अधिक पडते.

काही जण विचारतात की, घरोघर मोबाईल असताना फळ्याची गरज काय? माझ्या मते फळ्याचे दोन गुण मोबाईलपाशी नाहीत. फळा सर्वांना एकच गोष्ट सांगतो, आणि ती चुकीची असेल तर चारचौघांत कोणीही “हे खरे नाही” असे म्हणू शकतो. शिवाय फळा पुसता येतो. मोबाईलवरचा संदेश पुसला जात नाही, तो महिन्यानंतरही नव्यासारखा फिरत राहतो.

नाव लिहावे की लिहू नये?

रुग्ण सापडल्यावर त्याचे नाव फलकावर द्यावे, असा आग्रह पुष्कळांनी धरला होता. त्यामागे सावधगिरीही होती व भीतीही. संघाने नाव लिहिले नाही. “तिसऱ्या गल्लीत रुग्ण आहे, त्या गल्लीतील शौचालय दिवसातून दोनदा धुतले जाईल, नळाची पाळी वेगळी राहील” इतकेच लिहिले. शेजाऱ्याने काय करावे हे त्यातून कळत होते, आणि कोणाची बेअब्रू होत नव्हती. नाव जाहीर झाले असते, तर पुढच्या रुग्णाने ताप लपवला असता. १८९७ चा धडा तोच आहे.

सामाईक शौचालय ही अशा वस्तीची खरी अडचण. धारावीत सुमारे अडीच चौरस किलोमीटर जागेत आठ-साडेआठ लाख माणसे राहतात व बहुसंख्य लोक सार्वजनिक शौचालये वापरतात. तेथे पहिला रुग्ण १ एप्रिल २०२० रोजी आढळला. महापालिकेचे कर्मचारी, खाजगी डॉक्टर व स्थानिक कार्यकर्ते यांनी घरोघर तपासणी केली, शौचालये पुन्हा पुन्हा निर्जंतुक केली. १० जुलै रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचा गौरवाने उल्लेख केला, आणि २५ डिसेंबर २०२० रोजी तेथे एकही नवा रुग्ण आढळला नाही. जेथे अंतर राखणे अशक्य, तेथे विश्वास राखणे शक्य झाले, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

फलकाच्या मर्यादा

केवळ गुणगान करून अभ्यास पुरा होत नाही. संघाच्या वहीत घरमालकांची नावे असतात, पोटभाडेकरूंची नसतात. माळ्यावर सहा-सहा जण मिळून राहणारे परप्रांतीय कामगार त्या वहीत नव्हतेच. फलक मराठीत होता, त्यांना हिंदी कळत होती. गावी जाण्याचा अर्ज पोलीस ठाण्यात द्यायचा आहे, ही सूचना मे महिन्यात हिंदीतून लिहिली गेली, पण तोपर्यंत त्यांच्यातील काही जण पायीच निघाले होते.

दुसरे असे की, आमच्या वस्तीतील अनेक स्त्रिया आसपासच्या इमारतींत घरकाम करतात. कोणती इमारत त्यांना कधीपासून आत घेणार, हे आमच्या फलकावर कधीच आले नाही. ते त्या इमारतीच्या रखवालदाराकडून फाटकावर गेल्यावरच कळे. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन रहिवासी संस्था होत्या. दोघींनी आपापल्या लोकांना उत्तम माहिती दिली, पण एकमेकींना एक शब्द सांगितला नाही.

हीच उणीव लसीकरणातही दिसली. १ मे २०२१ पासून १८ वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली, पण नोंदणी को-विनवर आणि तीही त्या वेळी इंग्रजीतून. मराठीची सोय जूनमध्ये झाली. मधल्या काळात वस्तीतील महाविद्यालयीन मुलांनी संघाच्या खोलीत बसून लोकांची नावे नोंदवली.

समारोप

सारांश, रहिवासी संघाने दिलेली माहिती लोकांनी मानली याचे कारण फळा किंवा खडू हे नव्हे. पाणी आले नाही तेव्हा धावणारा, मयतीला खांदा देणारा जो माणूस, त्याच्याच हातचे ते अक्षर होते. असा विश्वास साथ आल्यावर निर्माण करता येत नाही, तो आधी कमवावा लागतो. म्हणून पुढील संकटाची तयारी आजच करावयाची असेल, तर संघांनी आपल्या वहीत भाडेकरूंची नावे घ्यावीत, फलकावर दुसऱ्या भाषेला जागा द्यावी आणि रस्त्यापलीकडच्या संस्थेशी बोलणे सुरू करावे. आपण विद्यार्थ्यांनी एवढे तरी करावे की, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी फलकाजवळ थांबून तो मोठ्याने वाचावा. आपल्या शिक्षणाचा वस्तीला होणारा तो पहिला उपयोग ठरेल.