स्वयंपाकघरातील लाकूड : एक अभ्यास

‘घर पाहावे बांधून’ असे जुने लोक म्हणतात. आमचे घर वडिलांनी बांधले. ओट्याखालची कपाटे करून घेण्याचे काम मात्र गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे आले. कला शाखेच्या विद्यार्थ्याचा लाकडाशी संबंध बहुधा बाकापुरताच! तरीही पारनेर तालुक्यातील आमच्या गावापासून नगरच्या वखारीपर्यंत हिंडून जे समजले, ते येथे मांडतो.

आईची अट एकच होती : “या वेळी फुगायला नको.” आधीच्या भाड्याच्या घरात तिने भिशीचे पैसे साठवून भुशाच्या दाबीव फळीची, म्हणजे पार्टिकल बोर्डाची, ट्रॉली घेतली होती. वरून सागाच्या रंगाचा चकचकीत कागद. नळाचे थेंब कडेतून आत शिरले आणि वर्षभरात फळी चहात बुडवलेल्या पावासारखी झाली. बिजागरीचे स्क्रू बोटांनी निघू लागले. भिशीचे हप्ते तेव्हा संपलेही नव्हते.

याउलट आजीच्या घरातील भिंतीतल्या फडताळाची सागवानी दारे धुराने काळी पडली, पण वाकली नाहीत. सागात नैसर्गिक तेलकट द्रव्ये असल्याने वाळवी सहसा लागत नाही, आणि ऋतुमानाप्रमाणे तो फुगतो-आटतोही कमी. पण भाव ऐकून मी वखारीतून मुकाट्याने बाहेर पडलो.

वडील म्हणाले, “बांधावरची बाभूळ आहे की!” बाभूळ सागाहून जड आणि चिवट, बैलगाडीची चाके, नांगर तिचेच करीत. मात्र तिच्या बाहेरच्या पांढऱ्या लाकडात पिष्ट असते, त्यावर भुंगा येतो. म्हणून जुने सुतार ओंडके कित्येक महिने पाण्यात बुडवून ठेवीत. आमच्याकडे उन्हाळ्यात माणसांना टँकरचे पाणी. ओंडक्याला कोठून आणावे? शिवाय तिला रंधा मारताना सुतार घामाघूम होतो. बाभूळ वाचली, याचे मला बरेच वाटले.

लाकूड कसे वागते हे मला खरे कळले ते अकोले तालुक्यात, मावशीकडे. जिल्हा एकच, पण पश्चिमेला सह्याद्रीचा धो धो पाऊस आणि पूर्वेकडे वर्षाला जेमतेम ५०० ते ६०० मिलिमीटर. मावशीच्या आंब्याच्या लाकडाचा खण श्रावणात ओढता ओढत नाही, चैत्रात आपोआप सरकतो. लाकूड हवेतील ओल घेते व सोडते; ते रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, लांबीत जवळजवळ नाहीच. प्लायवूडमध्ये पातळ थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवलेले असल्याने ते एकमेकांना आवरून धरतात.

पण प्लायवूडही एकाच जातीचे नसते. ‘एमआर’ शिक्का म्हणजे फक्त दमट हवा सोसणारे. साचलेल्या पाण्यासाठी ते नव्हे. आयएस ७१० या मानकाच्या प्लायवूडला फिनॉलिक डिंक असतो आणि त्याची परीक्षा ७२ तास उकळत्या पाण्यात होते. दुकानात दोन्ही फळ्या सारख्याच दिसतात. शिक्का वाचल्याखेरीज फरक कळत नाही.

शेवटी सिंकखाली ७१० चे, इतरत्र साधे प्लायवूड घेतले. आमच्या सुतारकाकांनी एक गोष्ट बजावली : पाणी फळीच्या तोंडातून शिरत नाही, कापलेल्या कडेतून शिरते. म्हणून नळासाठी पाडलेल्या भोकाच्या आतूनही मी स्वतः वॉर्निशचे दोन हात दिले.

काम झाले त्या संध्याकाळी आईने तांब्याभर पाणी सिंकखालच्या फळीवर ओतले आणि पाट घेऊन समोर बसली. आम्ही जेवायला हाका मारीत होतो. ती अर्ध्या तासाने उठली.