संशोधन कोणास सांगावें?

जळगांव येथील विद्यापीठाची स्थापना १५ ऑगस्ट १९९० रोजीं झाली आणि २०१८ सालीं त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचें नांव देण्यांत आलें. बहिणाबाईंचा जन्म १८८० सालीं, आपल्या नशिराबादेपासून जवळच असलेल्या असोदें गांवीं झाला. त्यांस लिहितां-वाचतां येत नव्हतें. शेतांत राबतांना व जात्यावर दळतांना त्यांनीं रचलेलीं गाणीं घरच्या मंडळींनीं टिपून ठेविलीं, म्हणून तीं आज आपणांस वाचावयास मिळतात. जेथें मोठमोठे प्रबंध सादर होतात, त्या विद्यापीठास एका निरक्षर शेतकरी स्त्रीचें नांव असावें, हा योग आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. तेथें शिकणाऱ्या प्रत्येक संशोधकास तें नांव जणूं विचारीत असतें, "बाबा रे, तूं काय शोधून काढिलेंस, तें मला समजेल असें सांगतां येईल काय?" ह्या प्रश्नाचा थोडा विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम संशोधन म्हणजे काय, तें पाहूं. शाळेंत आपण ज्या प्रश्नांचीं उत्तरें शिकतों, तीं गुरुजींस ठाऊक असतात. संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यापुढें असा प्रश्न असतो कीं, त्याचें उत्तर त्याच्या गुरूंसही ठाऊक नसतें. तो चारपांच वर्षें प्रयोग करितो, जुनीं कागदपत्रें धुंडाळितो किंवा गांवोगांव हिंडून माहिती गोळा करितो, आणि शेवटीं प्रबंध लिहितो. हा प्रबंध तज्ज्ञ मंडळी तपासतात, म्हणून त्याची भाषाही तज्ज्ञांची असते. ह्यांत कांहीं दोष नाहीं. सोनाराची, सुताराची, वैद्याची जशी आपापली परिभाषा असते, तशीच ही.

अडचण उत्पन्न होते ती संशोधक घरीं आल्यावर. आपल्या भागांतील पुष्कळ घरांत महाविद्यालयाची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी आहे. बापानें कापसाचे पैसे मुलाच्या फीस लाविलेले असतात. शेजारीण विचारते, "तुमचा मुलगा काय शिकतो?" आई म्हणते, "कांहींतरी मोठें शिकतो." त्या 'कांहींतरी'मध्यें अभिमान आहे, पण अंतरही आहे. एकदां विचारून उत्तर समजलें नाहीं, दुसऱ्यांदा विचारून मुलगा त्रासला, कीं मायबाप पुन्हां विचारीत नाहींत. अशा रीतीनें, ज्यांच्या कष्टावर विद्या उभी राहिली, तेच त्या विद्येस परके होतात. शिवाय, जाणता मनुष्य दुर्बोध बोलतो आणि अजाणता मनुष्य सोपें बोलतो, असें झालें म्हणजे गांव अजाणत्याचेंच ऐकतें, आणि त्याचें मोल शेताला व शरीराला द्यावें लागतें.

ही अडचण केवळ आपलीच नाहीं. ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड विद्यापीठानें २००८ सालीं एक स्पर्धा सुरू केली. त्या प्रांतीं तेव्हां अवर्षण होतें. पाणी वांचावें म्हणून लोक न्हाणीघरांत तीन मिनिटांचें घड्याळ लावून स्नान उरकीत. त्यावरून तेथील एका प्राध्यापकांस सुचलें कीं, विद्यार्थ्यांनीं आपला प्रबंधही तीन मिनिटांत सांगावा! ८०,००० शब्दांचा प्रबंध वाचून दाखवावयास सुमारें नऊ तास लागतील; येथें मिनिटें तीनच, चित्र एकच, आणि श्रोते सामान्य. ही स्पर्धा पुढें अनेक देशांत पसरली. भारत सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागानेंही २०१८ सालीं 'अवसर' नांवाची योजना काढिली. तींत पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांकडून त्यांच्याच संशोधनावर सर्वांस समजतील असे लेख मागविण्यांत आले व पहिलें पारितोषिक एक लक्ष रुपयांचें ठेवण्यांत आलें. आपल्या राज्यांतील विद्यापीठांच्या 'आविष्कार' संमेलनांतही विद्यार्थी भित्तिपत्रक मांडून आपलें काम समजावून सांगतात.

आतां एक उदाहरण घेऊं. समजा, एका संशोधकाचा विषय आहे, 'काकडीवर्गीय यजमान वनस्पतींतील विषाणूचें केळीवर कीटकद्वारा होणारें अस्थायी संक्रमण'. हें ऐकून आपला केळीबागाईतदार हात जोडील आणि मोटेकडे वळावें तसा पंपाकडे वळेल! पण हेंच असें सांगितलें तर? "दादा, पानावर पिवळे पट्टे पडून केळ खुरटते, त्यास तुम्ही हरण्या म्हणतां. तो रोग काकडी-भोपळ्याच्या वेलांवरही राहतो. मावा नांवाचा बारीक किडा वेलावरून उडून केळीवर बसतो आणि सोंडेवाटे रोग टोंचून जातो. मी त्याच्या ह्या येण्याजाण्याचा अभ्यास करितों." हें ऐकतांच दादा विचारील, "मग बागेंत काकडी लावूं नये कीं काय?" त्यानें हा प्रश्न विचारला, म्हणजे त्यास विषय समजला, असें खुशाल धरावें.

तथापि सोपें करणें म्हणजे खोटें करणें नव्हे. उत्साहाच्या भरांत संशोधक म्हणेल, "डांस जसा हिवताप पसरवितो, तसाच हा मावा." उपमा चांगली आहे, पण अर्धीच खरी आहे. हिवतापाचे जंतू डांसाच्या शरीरांत कांहीं दिवस वाढतात, मगच तो डांस दुसऱ्यास बाधतो. माव्याचें तसें नाहीं. विषाणू त्याच्या सोंडेच्या टोंकास नुसता चिकटतो, आणि क्षणभर टोंचल्यानेंही रोग लागतो. म्हणून औषध फवारून मावा मरेपर्यंत त्याचें काम उरकलेलेंही असतें. उपमेवर विसंबलेला शेतकरी फवारणीवरच पैसा ओतील, आणि निरोगी रोपें लावणें, आसपास वेलवर्गीय पिकें टाळणें, रोगट झाड उपटून नष्ट करणें हे खरे उपाय राहून जातील. यास्तव उपमा द्यावी, आणि ती कोठें लंगडी पडते, तेंही सांगावें. त्याचप्रमाणें जें अजून कळलें नाहीं, तें "कळलें नाहीं" म्हणावयास संशोधकानें लाजूं नये.

ह्या बाबतींत डॉ. कमला सोहोनी यांचें चरित्र मननीय आहे. १९३३ सालीं बंगळूरच्या विज्ञानसंस्थेंत स्त्री म्हणून त्यांस प्रथम प्रवेश नाकारण्यांत आला; त्यांनीं हट्ट धरून तो मिळविला. १९३९ सालीं केंब्रिजची पीएच.डी. त्यांनीं मिळविली, तो प्रबंध अवघा चाळीसेक पानांचा होता. पुढें त्यांनीं डाळी, दूध, नीरा अशा आपल्याच लोकांच्या अन्नावर संशोधन केलें, मुलांसाठीं मराठींत पुस्तकें लिहिलीं, आणि उतारवयांत ग्राहकांच्या मासिकांतून अन्नभेसळीविषयीं गृहिणींस सावध केलें. स्वयंपाकघरापर्यंत पोहोंचल्यानें त्यांच्या विद्वत्तेस उणेपणा आला नाहीं. उलट तिचें सार्थक झालें.

विद्यार्थ्यांनो, संशोधक होण्यास तुम्हांस अवकाश आहे, पण हा अभ्यास आजपासून करतां येईल. आज वर्गांत जें शिकलां, तें रात्रीं जेवतांना आजीस तीन मिनिटांत सांगा. जेथें तुम्ही अडखळाल, तेथें तुम्हांसच तें पुरतें समजलेलें नाहीं, असें जाणा व पुस्तक पुन्हां उघडा. आणि पालकहो, आपणांस आमची एक विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी कितीही शिकली, तरी "तूं काय करतेस तें आम्हांला सांग" असें विचारण्याचा आपला हक्क सोडूं नका. उत्तर समजलें नाहीं, तर संकोच न धरितां पुन्हां विचारा. आपल्या त्या विचारण्यानेंच त्यांची विद्या पक्की होईल.