आठ नंबर मागितला, सात गळ्यात मारला

मी बुटाचा आठ नंबरच मागितला होता. हे आधी सांगते, कारण नंतर नणंदेपासून बसमधल्या बायकांपर्यंत प्रत्येकीने मलाच विचारलं, "घेताना बघून नाही का घेतलेस?" बघूनच मागितला होता. दुकानदार म्हणाला, "मॅडम, लेडीजमध्ये सातच्या वर येतच नाही. चार दिवस घाला, आपोआप सैल होतात."

कापडी बूट सैल होतो तो रुंदीला. लांबीला नाही. स्पाइन रोडवर पावसाळी दमट हवेत पळताना अंगठा पुढे ठेचत होता आणि टाच मागे घासत होती. दोन्हीकडे टम्म फोड. वर चाकणची शिफ्ट, म्हणजे तेच पाय सेफ्टी शूजमध्ये कोंबून दिवसभर लाइनवर उभं राहायचं.

कंपनीच्या फर्स्ट एड रूममध्ये गेले, तर तिथल्या भाऊंनी कात्री घेऊन फोडाची अख्खी कातडी कापली आणि उघड्या मांसावर स्पिरिट ओतलं. मी किंचाळले, तर म्हणे, "एवढ्याशा फोडाला काय ओरडता?" 1924 साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कूलिज यांचा सोळा वर्षांचा मुलगा मोजे न घालता टेनिस खेळला, पायाच्या बोटाला फोड आला, त्यातून रक्तात विष भिनलं आणि आठवड्याभरात तो गेला. तेव्हा अँटिबायोटिक्स नव्हती हे खरं, पण एवढासा फोड म्हणणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं.

बूट वाळवायला म्हणून आतले सुकतळे काढले तेव्हा उलगडा झाला. सुकतळा फरशीवर ठेवून, टाच मागच्या कडेला लावून त्यावर उभी राहिले. अंगठा पुढच्या कडेच्या बाहेर! कंपनीत मी क्वालिटीला आहे. असा पार्ट आला असता तर लाल टॅग लावून परत धाडला असता. दुकानदाराने मात्र बूट परत घेतला नाही. बूट उलटा करून म्हणाला, "सोल मळलाय." मग गिऱ्हाइकांसमोर सल्ला दिला, "तुमचं पाऊल टाकणंच वाकडं आहे. पळता कशाला, योगा करा." सगळे हसले. ते हसणं अजून कानात आहे.

नंतर कळलं, आपल्याकडे बहुतेक बुटांवर असतं त्या यूके मापात बाई आणि पुरुष यांचा नंबर एकच असतो. जेन्ट्समधला आठ त्या दुकानदाराच्याच फळीवर होता. जरा रुंद बसतो, एवढंच.

तेव्हा सुकतळ्यावर उभं राहिल्याशिवाय बूट घेऊ नका. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवीच. खरेदी संध्याकाळी करा, दिवसभरात पाय सुजलेले असतात. टाच उचलली जात असेल, तर बुटाचं सगळ्यात वरचं, बहुतेक जण रिकामंच सोडतात ते भोक वापरून नाडी आवळा. नवा बूट आधी थोड्या अंतरावर वापरा. आकुर्डीला तुकोबांच्या पालखीच्या मुक्कामात एक आजी म्हणाल्या होत्या, "नवं पायताण घालून कुणी वारीला निघतं का?"

फोड नुसत्या वरच्या घासण्याने येत नाही. ओली कातडी मोज्याला चिकटते, आतलं हाड पुढे सरकतं, कातडीचे थर आतल्या आत फाटतात आणि तिथे पाणी भरतं. म्हणून सुती मोजे नकोत, ते घाम धरून ठेवतात. व्हॅसलीन चालतं, पण लांब पळायचं तर तासाभराने पुन्हा लावावं लागतं. नेहमी फोड येतो त्या जागी पळण्याआधीच मेडिकलमधली साधी कागदी टेप लावा. स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी अल्ट्रामॅरेथॉन धावणाऱ्यांवर अभ्यास केला, तो 2016 साली छापून आला. टेपमुळे फोड सुमारे 40 टक्क्यांनी कमी झाले होते. पळताना एखादी जागा चुरचुरली तर तिथेच थांबा. बरोबरचे पुढे गेले तर जाऊ देत.

आलाच, तर लहान आणि न दुखणारा फोड तसाच राहू द्या. मोठा असेल आणि चालवत नसेल, तर साबणाने धुऊन, मेडिकलमधून आणलेल्या सीलबंद सुईने कडेला टोचून पाणी काढा. वरची कातडी काढू नका, तीच खरी मलमपट्टी. मग मलम लावून न चिकटणारं ड्रेसिंग करा आणि ते रोज बदला. फोडातून दोरा ओवून ठेवायची जुनी रीत सोडा, दोऱ्यावरून जंतू आत जातात. हळद, टूथपेस्ट काही नको. रक्ताचा फोड असेल, किंवा शुगर असेल, तर स्वतः सुई लावूच नका. लाली पसरली, पू झाला, ताप आला तर डॉक्टर गाठा, कात्रीवाले भाऊ नव्हे.

सेफ्टी शूज तर टाळता येत नाहीत. मी लॉकरमध्ये मोज्यांचे जास्तीचे जोड ठेवते आणि जेवणाच्या सुट्टीत बदलते. सुपरवायझर बघून हसतो. हसू दे.