ओढ्यातल्या दगडाचे गाव

(बी. ए. भाग २)

‘दगड’ हा शब्द आपल्याकडे बहुधा कुणाला तरी हिणवण्यासाठी वापरतात. ज्याला गणित येत नाही तो दगड, आणि ज्याला पाझर फुटत नाही तोही दगडच. माझ्या बाबांचा सारा जन्म विहिरी खोदण्यात गेला, त्यामुळे आमच्या घरात मात्र दगडाला असे कुणी बोलत नाही. तरीही दगडाचा ‘अभ्यास’ करतात हे मला कॉलेजात आल्यावरच कळले. पहिल्या वर्षाला भूगोलाच्या तासाला सरांनी जीवाश्मांविषयी सांगितले आणि त्या दिवसापासून केनवडच्या ओढ्याकडे पाहण्याची माझी नजर बदलली.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुटीत ओढ्याच्या वरच्या अंगाला मला एक फिकट रंगाची दगडाची चीप सापडली. तिच्यावर नेच्याच्या पानासारखी सुरेख काळी नक्षी होती. मधला देठ, त्याला फुटलेल्या फांद्या, फांद्यांना उपफांद्या! चीप रुमालात गुंडाळून मी ती कॉलेजात आणली. “कोट्यवधी वर्षांपूर्वीचे पान” म्हणून वर्गभर मिरवली. सरांनी ती भिंगाखाली धरली, बराच वेळ पाहिली आणि हसून म्हणाले, “नक्षी सुंदर आहे. पण हे पान कधी झाडाला लागलेलेच नव्हते.”

मला फार ओशाळल्यासारखे झाले. हा लेख त्या ओशाळलेपणातून लिहिला आहे. माझ्यासारखी फसगत इतरांची होऊ नये, आणि आपल्या डोंगरओढ्यांत काय शोधावे, कुठे शोधावे व कसे शोधावे हे थोडक्यात कळावे, एवढाच त्याचा हेतू.

जीवाश्म म्हणजे काय?

पूर्वीच्या काळी जगलेल्या प्राण्याचा किंवा वनस्पतीचा खडकात टिकून राहिलेला अवशेष किंवा ठसा म्हणजे जीवाश्म. हाड, दात, शिंपला, लाकूड, बी, पानाचा ठसा, पाऊलखूण, इतकेच काय पण प्राण्याची विष्ठासुद्धा जीवाश्म होऊ शकते. मात्र त्यासाठी एक अट आहे. मेलेला जीव कुजून नाहीसा होण्यापूर्वी गाळाखाली झाकला गेला पाहिजे. पुढे खनिजयुक्त पाणी त्यात झिरपते, सूक्ष्म पोकळ्या खनिजाने भरतात आणि आकार जसाच्या तसा राहून पदार्थ दगडाचा होतो. म्हणून जीवाश्म मिळतात ते मुख्यतः गाळाच्या खडकात.

आपली अडचण इथेच सुरू होते. केनवड, आपला रिसोड तालुका, किंबहुना बहुतेक सारा वाशीम जिल्हा काळ्या पाषाणावर वसला आहे. हा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हारस बाहेर आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा दुसरा थर आला. असे थरावर थर साचून आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश या खडकाने व्यापला आहे. डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात म्हणून पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून त्याला ‘ट्रॅप’ हे नाव पडले. आता हजार अंशांहून अधिक तापलेल्या रसात कुठले पान टिकणार आणि कुठला शिंपला! त्यामुळे निव्वळ काळ्या पाषाणात जीवाश्म शोधणे म्हणजे चुलीच्या निखाऱ्यात लोणी शोधण्यासारखे आहे.

दोन थरांमधील उसंत

परंतु लाव्हा एकसारखा वाहत नव्हता. दोन उद्रेकांच्या मध्ये कधी कधी दीर्घ उसंत मिळे. त्या उसंतीत वरचा खडक झिजून माती होई, खोलगट जागी तळी साचत, काठाला झाडे वाढत, पाण्यात गोगलगायी व मासे नांदत. नंतर पुन्हा लाव्हा येई आणि ते तळे, गाळ आणि गाळातल्या अवशेषांसकट खाली गाडले जाई. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये असे सापडलेले गाळाचे थर ‘अंतरा-ट्रॅपी थर’ म्हणून ओळखले जातात. ते बहुधा काही फुटांच्याच जाडीचे असतात. त्यात कित्येकदा सिलिका झिरपून गाळाची कठीण गारगोटी झालेली असते आणि तिच्या आत शिंपले व बिया जपून राहिलेल्या असतात.

या थरांचा अभ्यास आपल्या विदर्भात फार पूर्वी सुरू झाला. १८४५ साली नागपूरला आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत नागपूरच्या परिसरातील खडक पायी हिंडून पाहिले. सीताबर्डीच्या टेकडीत आणि टाकळीजवळ त्यांना या थरांतले जीवाश्म मिळाले. गोड्या पाण्यातील गोगलगायींचे शंख, फळे, बिया, एवढेच नव्हे तर कीटकांचे अवशेषही त्यांत होते. त्यांचे निबंध लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात १८५५ व १८६० साली प्रसिद्ध झाले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे.

पुढे बिरबल साहनी यांनी मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलान येथील अशाच थरांतील वनस्पतींचा अभ्यास केला. तेथील एका फळाला त्यांनी ‘एनिग्मोकार्पॉन’ म्हणजे कोड्यात टाकणारे फळ असे नाव दिले. दगड झालेल्या त्या फळाचे पातळ काप काढले की सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पेशी दिसतात!

ट्रॅपच्या खालीही गाळाचे थर आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यातील पिसदुरा येथे डायनोसोरची हाडे आणि दगड झालेली विष्ठा सापडते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या विष्ठेमध्ये गवताचे सूक्ष्म सिलिकाकण आढळल्याचे दाखवून देण्यात आले. डायनोसोरच्या काळी गवत होते की नाही, या प्रश्नाला विदर्भातल्या शेणाने उत्तर दिले!

ओढा कसा वाचावा?

डोंगरओढ्याचा उपयोग असा की तो आपल्यासाठी फुकट खोदकाम करतो. पावसाळ्यात वरचे थर कापतो, सुटलेले तुकडे खाली आणतो, धुऊन ठेवतो. शोधाला उत्तम काळ दिवाळीनंतरचा. पाणी ओसरलेले असते, काठावरचे गवत सुकू लागते आणि थर उघडे दिसतात.

प्रथम खालच्या अंगाला वाळूगोट्यांत उभे राहावे आणि काळ्या पाषाणापेक्षा वेगळे काय आहे तेवढेच पाहावे. पांढरट, करडे, तपकिरी असे गारगोटीचे तुकडे वेचून पाण्यात बुडवावेत. ओल्या दगडावर शंखाचा वेढा किंवा बीचा काप चटकन उठून दिसतो. साधे स्वस्त भिंग असले तरी काम भागते.

आशादायक तुकडा मिळाला तर त्याच्या कडा पाहाव्यात. कडा गुळगुळीत असतील तर तो दुरून आला. कोनदार असतील तर त्याचे घर जवळ आहे. मग ओढ्याने वर वर चालत जावे. जिथे दुसरा ओढा येऊन मिळतो तिथे दोन्हींत पाहावे आणि ज्यात तसे तुकडे आहेत तो धरावा. चालता चालता एके ठिकाणी ते तुकडे मिळेनासे होतात. याचा अर्थ त्यांचा थर आपण मागे टाकला. तिथून परत फिरून दोन्ही दरडी बारकाईने तपासाव्यात. दरडीत तांबड्या मातीचा पट्टा दिसला तर तेथे लाव्ह्याच्या दोन थरांची सीमा आहे असे समजावे. त्या पट्ट्यात जीवाश्म असतीलच असे नाही, पण शोधाला धागा मिळतो.

आमच्या बाबांना अंतरा-ट्रॅपी हा शब्द ठाऊक नाही. परंतु हीच गोष्ट ते एका वाक्यात सांगतात : “पोरी, गोटा वड्यात सापडते म्हणून तो वड्याचा नसते. वरून आला असते तो. आधी त्याचं गाव इचार.”

फसवे दगड

आता माझ्या ‘पाना’विषयी. खडकाच्या बारीक भेगेत मँगेनीजयुक्त पाणी शिरते आणि त्यातील खनिज फांद्याफांद्यांनी पसरत जाते. खिडकीच्या काचेवर दव गोठून जशी नक्षी उमटते, तसाच हा प्रकार. खऱ्या पानाला ठरावीक आकार, कडा आणि शिरांची शिस्त असते. या नक्षीला कड नसते. ती भेगेच्या रेषेपासून सुरू होते व वाट मिळेल तशी फुटत जाते. माझ्या चिपेत तिन्ही खुणा स्पष्ट होत्या; मला पान हवे होते म्हणून त्या दिसल्या नाहीत.

दुसरा फसवा प्रकार म्हणजे ‘डायनोसोरची अंडी’. काळा पाषाण झिजताना कांद्याप्रमाणे एकावर एक पापुद्रे सुटतात आणि आत गोल गोटा उरतो. त्याचा अंड्याशी काही संबंध नाही. तिसरा, पोकळ गोट्यात चमकणारे स्फटिक. लाव्ह्यातील वायूच्या बुडबुड्यांनी ठेवलेल्या पोकळ्यांत ते नंतर तयार झाले. दिसायला देखणे, पण जीवाश्म नव्हेत. चौथा सर्वांत अवघड : ओढ्याकाठच्या चुनखडीच्या कंकरात चिकटलेले पांढरे शंख. ते खरे शंख असतात, पण बहुधा अलीकडच्याच गोगलगायींचे.

गाव नसलेला दगड

या वर्षी उन्हाळ्यात मात्र मला बहुधा खरा जीवाश्म मिळाला. करड्या गारगोटीचा अंगठ्याएवढा तुकडा, आणि त्यात आडवा कापला गेलेला चिमुकला शंख. वेढे मोजता येत होते. सरांनी भिंग डोळ्याला लावले आणि या वेळी ते हसले नाहीत. त्यांनी एकच प्रश्न विचारला : “कुठे मिळाला?”

मिळाला होता रस्त्यासाठी टाकलेल्या दगडमुरमाच्या ढिगात. तो ढीग कुठल्या खाणीतून आला हे मी मजुरांना विचारले. एकाने एक दिशा दाखवली, दुसऱ्याने दुसरी. दोन दिवसांनी मी पुन्हा गेले, तोवर ढीग पसरून त्यावर रोलर फिरला होता. आज तो तुकडा माझ्या टेबलावर आहे. सुंदर आहे, पण तो कोणत्या थरातला, त्याच्या वर काय होते, खाली काय होते, यातले काहीच तो सांगू शकत नाही. त्याचे गाव हरवले आहे.

म्हणून माझी सर्वांना विनंती आहे की दगड उचलण्यापूर्वी लिहावे. तारीख, गाव, ओढा, जवळची खूण, थर जमिनीपासून किती हात, आणि तुकडा दरडीत होता की गोट्यांत. त्याच क्रमांकाची चिठ्ठी दगडासोबत बांधावी. शेताच्या बांधात शिरण्यापूर्वी मालकाला विचारावे. हाडासारखे काही दरडीत रुतलेले दिसले तर ते उपटू नये. फोटो काढून आपल्या प्राध्यापकांना किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला कळवावे. आणि आभाळ भरून आले की ओढा सोडावा. हिस्लॉप यांचा अंत अशाच पाण्यात झाला. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना, रात्रीच्या वेळी पूर आलेला नाला ओलांडताना ते बुडाले. त्यांच्या मागे राहिलेली टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापली. माणूस वाहून गेला, लिहिलेले राहिले.

हे वाचले तेव्हा मला बाबांची आठवण झाली. आजवर खोदलेल्या प्रत्येक विहिरीचे थर त्यांना तोंडपाठ आहेत. कुणाच्या विहिरीत किती परसावर मुरूम संपला, कुठे सुरुंग लावावा लागला, कुठे तांबडी माती लागून पाणी फुटले, सारे. पण त्यांना लिहिता येत नाही. त्या विहिरी आता बांधून काढल्या आहेत, थर चिऱ्यांआड गेले आहेत. म्हणजे केनवडच्या जमिनीखालचा नकाशा आज एका माणसाच्या डोक्यात आहे.

गेल्या महिन्यापासून मी दोनशे पानी वही घातली आहे. रात्री जेवणे झाली की बाबा सांगतात आणि मी लिहिते. आजवर अकरा विहिरी झाल्या. त्यांपैकी तीन विहिरींत तांबडा थर जवळजवळ सारख्याच खोलीवर लागल्याचे दिसते. त्या तीन ठिकाणांना जोडणारी रेघ कागदावर ओढली, तर ती ओढ्याच्या वरच्या वळणाकडे जाते.

तिथली दरड मी अजून पाहिलेली नाही. दिवाळीत बाबा आणि मी दोघे जाणार आहोत. या वेळी रुमाल नेणार नाही, वही नेणार आहे.