पाठीत चिरत गेलेली कळ : झटका की महाधमनीची चीर?



या पानावर आम्ही एरवी लागण, खोडवा नि पाण्याच्या पाळ्यांबद्दल लिहितो. परंतु ऊस जगवायचा तर आधी ऊसवाला जगला पाहिजे. म्हणून आज हृदयातून निघणाऱ्या मुख्य पाटाविषयी, म्हणजे महाधमनीविषयी चार शब्द.

पंपाचा रबरी पाइप आपण पाहतोच. दाब कायम जादा राहिला की आतला पदर फाटतो, पाणी पदरांमध्ये शिरते नि ते सुटत जातात. महाधमनीचेही तसेच. तिला तीन पदर असतात. आतला चिरला की रक्त मधल्या पदरात घुसते. डॉक्टर याला एओर्टिक डिसेक्शन म्हणतात. मुख्य कारण वाढलेला रक्तदाब. विडी-सिगारेट ओढणारे, जन्मतः दोनच पाकळ्यांची झडप असलेले आणि पूर्वी झडपेची शस्त्रक्रिया झालेले, यांनी जास्त जपावे.

चीर हृदयालगत पडली तर दोन घात होऊ शकतात. हृदयाला रक्त देणाऱ्या वाहिनीचे तोंड दाबले जाऊन झटका येतो. शिवाय झडपेचा आधार सुटून रक्त मागे फिरते. मग फाटलेला भाग काढून कृत्रिम नळी बसवावी लागते. झडप दुरुस्त करतात, नाहीतर बदलतात. उपचार न झाल्यास पहिल्या दोन दिवसांत दर तासाला शंभरातले एक-दोन रोगी दगावतात.

घोटाळा असा, की झटक्यावर देतात ती रक्त पातळ करणारी औषधे इथे घातक ठरू शकतात. आणि ओळखणे सोपे नाही. या दुखण्यावरची शस्त्रक्रिया १९५५ मध्ये जगापुढे मांडणारे अमेरिकेचे डॉ. मायकेल डिबेकी यांना २००५ च्या अखेरीस, ९७ व्या वर्षी, हेच दुखणे झाले. त्यांनाही आधी झटकाच वाटला! २००६ मध्ये शस्त्रक्रिया होऊन ते वाचले; २००८ मध्ये वारले.

तेव्हा आपण काय करावे? एकाएकी छातीत किंवा पाठीत चिरल्यासारखी कळ आली, तर "गॅस झालाय, सकाळी बघू" म्हणू नका. शेजाऱ्याची गोळी घेऊ नका. १०८ ला फोन करा. कळ कधी आली, पाठीत गेली का, रक्तदाब किंवा झडपेची शस्त्रक्रिया आहे का, हे सर्व डॉक्टरांना सांगा. सीटी स्कॅन सांगितला तर टाळू नका. रत्नागिरीकडून मोठ्या शस्त्रक्रियेसाठी आंबा घाट चढून कोल्हापूर, नाहीतर मुंबई-पुणे गाठायचे, तर घरी घालवलेला तास महाग पडतो.

आणि कळ येण्याआधीचे काम स्वस्त आहे : रक्तदाब मोजा, गोळी चालू असेल तर मनाने बंद करू नका. पाइप फुटल्यावर जोडण्यापेक्षा दाब आवरलेला बरा.

— ऊस विकास अधिकारी