‘गॅसची गोळी’ : कशी घ्यावी, किती दिवस घ्यावी?

अंतरवाली सराटी असो की अंबड तालुक्यातले दुसरे गाव, कापूस वेचणीच्या दिवसांत आम्हाला एकच गोष्ट दिसते. कंबर धरली की दुखण्याची गोळी, पोटात आग पडली की गॅसची गोळी. चिठ्ठी नाही, मुदत नाही. म्हणून ही गोळी काय करते, ते समजून घेऊ.

अन्न पचवायला जठरात आम्ल तयार होते. जठराच्या किंवा पुढच्या लहान आतड्याच्या अस्तराला पडलेली जखम म्हणजे अल्सर. आम्ल तिला भरू देत नाही. ओमेप्रॅझोल, पँटोप्रॅझोल ही औषधे आम्ल सोडणारे पेशींतले ‘पंप’ बंद करतात. हे पंप जेवताना जोरात चालतात. म्हणून गोळी सकाळी उपाशीपोटी, खाण्याआधी अर्धा तास घ्यावी. ती चावू नये, कुटू नये; आवरण फुटले की औषध आम्लात नासते. जखम भरायला साधारण ४ ते ८ आठवडे लागतात. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नका आणि डॉक्टरांना न विचारता वर्षानुवर्षे घेऊ नका. फार काळ घेतल्यास बी-१२ कमी पडू शकते, हाडे ठिसूळ होऊ शकतात.

अल्सर तिखटाने, काळजीने होतो, असे पूर्वी डॉक्टरही मानत. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू त्यामागे असल्याचे दाखवले. १९८४ साली मार्शल यांनी तो जंतू स्वतः पिऊन पाहिला आणि त्यांच्या जठराला सूज आली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. जंतू सापडला तर गॅसच्या गोळीसोबत अँटिबायोटिकचा, बहुधा १४ दिवसांचा, कोर्स पुरा करावा लागतो.

दुसरे मोठे कारण डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या दुखण्याच्या गोळ्या. त्या रोज चालू ठेवून वर गॅसची गोळी घेतली, तर आग शमते, पण जखमेचे कारण तसेच राहते. हृदयासाठी ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल, तर ती मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

डांबरासारखी काळी, चिकट शौच, रक्ताची उलटी किंवा अचानक असह्य पोटदुखी झाली, तर त्याच वेळी सरकारी दवाखाना गाठा. १०८ ला फोन करा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळसर होते, पण डांबरासारखी चिकट झाली तर थांबू नका.

दवाखान्यात जाताना घरातली गोळ्यांची सगळी पाकिटे पिशवीत घालून न्या. रिकामीसुद्धा.