लघवी नारंगी झाली? घाबरू नका, गोळी थांबवू नका

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. दवाखाना उघडायच्या आधीच एक तिशीतला तरुण बायकोसह ओट्यावर बसला होता. केळी कापणीच्या टोळीत काम करणारा, कापणीचेच कपडे अंगात. टीबीच्या गोळ्या सुरू होऊन त्याला तीन दिवस झाले होते. बायकोकडे न पाहता हलक्या आवाजात म्हणाला, "डॉक्टरसाहेब, लघवीतून रक्त जाऊ राहिलं. कालपासून गोळ्या बंद केल्या."

मी बाटलीत नमुना आणायला सांगितला. बाटली उन्हात धरली. झेंडूच्या पाकळीसारखा स्वच्छ नारंगी रंग, गाठ नाही, गढूळपणा नाही. ते रक्त नव्हते, त्याने घेतलेले औषध होते. गोळ्या हातात देताना ही एक ओळ त्याला कोणी सांगितली असती, तर त्याचा एक डोसही बुडाला नसता. न सांगणे ही आम्हा डॉक्टर मंडळींची चूक, त्याची नव्हे.

त्याच्या सदऱ्यावरच्या तपकिरी ठिपक्यांकडे बोट दाखवून मी विचारले, "हे काय?" तो हसला. "केळीचा चीक. तो जातो का कुठं?" रावेर तालुक्यात हे कोणाला सांगावे लागत नाही. चीक निघतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो, हवा लागली की त्यातली फिनॉल जातीची द्रव्ये काळवंडतात आणि कपड्यावर कायमचा डाग बसतो. टीबीच्या गोळीतले रिफाम्पिसिन हे फिनॉलच्याच मोठ्या घराण्यातले औषध, फक्त ते जन्मतःच रंगीत असते. त्याची भुकटी विटकरी लाल दिसते. शरीर ते वापरते आणि उरलेले बाहेर टाकते, तेव्हा लघवी, घाम, थुंकी, अश्रू सगळ्यांना नारंगी छटा येते. मेच्या उन्हात गंजी पिवळट-नारंगी झाली तर नवल वाटून घेऊ नका. डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी मात्र उपचार संपेपर्यंत साधा चष्मा लावावा, लेन्सवरचा डाग केळीच्या चिकासारखाच पक्का बसतो.

मातीतून आलेले औषध

1957 साली फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील सेंट राफाएलजवळच्या पाइनच्या जंगलातून मातीचा एक नमुना इटलीत मिलानच्या लेपेटिट प्रयोगशाळेत पोचला. त्या मातीतला एक सूक्ष्मजीव इतर जिवाणूंना मारणारे द्रव्य तयार करत होता. त्या काळी 'रिफिफी' नावाचा फ्रेंच चित्रपट गाजत होता, त्यावरून शास्त्रज्ञांनी या द्रव्यांना रिफामायसिन म्हणायला सुरुवात केली. मूळ द्रव्य तोंडाने घेतले तर फारसे कामी येत नव्हते. पिएरो सेन्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या रेणूला एक नवी जोड दिली, तेव्हा पोटातून नीट शोषले जाणारे रिफाम्पिसिन तयार झाले. 1960 च्या दशकाच्या अखेरीस ते रुग्णांपर्यंत पोचले.

त्याचा रेणू डोळ्यांसमोर आणायचा असेल तर कडी असलेली बादली आठवा. खाली एक सपाट, रंगीत जोडकडे. कपाटातल्या डांबरगोळ्या ज्या नॅप्थलीनच्या असतात, त्याच जातीचे. त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वरून गेलेली लांब साखळी म्हणजे बादलीची कडी. रंग येतो तो खालच्या जोडकड्यामुळे. कडीमुळे रेणूला असा आकार मिळतो की तो टीबीच्या जंतूच्या एका यंत्रात नेमका जाऊन अडकतो.

जंतूला जगायचे तर आपल्या जनुकांतल्या सूचनांची नक्कल काढावी लागते. हे काम आरएनए पॉलिमरेज नावाचे यंत्र करते, मणी ओवल्यासारखे एकामागे एक. रिफाम्पिसिन या यंत्राच्या वाटेत बसते. दोन-तीन मणी ओवले जातात, पुढच्याला जागाच उरत नाही. नक्कल थांबली की प्रथिने थांबतात आणि जंतू मरतो. माणसाच्या पेशीतले हे यंत्र वेगळ्या घडणीचे असल्याने आपल्या पेशींचे काम चालू राहते.

चार औषधे का आणि सहा महिने का

"खोकला गेला, वजन वाढले, मग आता गोळ्या कशाला?" हा प्रश्न दुसऱ्या महिन्यात हमखास येतो. त्याचे उत्तर साध्या हिशेबात आहे.

फुप्फुसात पोकळी पडली असेल तर तिच्यात दहा कोटींच्या आसपास जंतू असू शकतात. त्यांत निसर्गतःच काही चुकार निघतात. साधारण दहा लाखांत एकावर आयसोनियाझिड या सोबतच्या औषधाचा परिणाम होत नाही, दहा कोटींत एकावर रिफाम्पिसिनचा होत नाही. म्हणजे एकच औषध दिले तर बाकीचे मरतील आणि चुकारांचे राज्य येईल. दोन्ही औषधांना दाद न देणारा जंतू मात्र इतका दुर्मीळ, की तो सापडायला शंभर लाख कोटी जंतू लागतील. एवढे जंतू कोणाच्याही छातीत नसतात. म्हणून औषधे एकत्र आणि पुऱ्या मात्रेत द्यायची.

चौघांची कामेही वाटलेली आहेत. भराभर वाढणाऱ्या जंतूंना आयसोनियाझिड पहिल्या काही दिवसांतच मारते. आम्लपित्तासारख्या आंबट वातावरणात दडलेल्यांना पायराझिनामाइड गाठते. एखादा जंतू आयसोनियाझिडला आधीच दाद देत नसेल तर रिफाम्पिसिन एकटे पडू नये, म्हणून एथाम्ब्युटॉल सोबत असते. उरतात ते झोपलेले. काही जंतू बराच वेळ निपचित पडून राहतात आणि मधूनच थोडे जागे होतात. ते जागे होतात त्या थोड्या वेळात त्यांना पकडणारे औषध म्हणजे रिफाम्पिसिन. पूर्वी हा उपचार वर्ष-दीड वर्ष चालायचा, सोबत इंजेक्शने. तो सहा महिन्यांवर आला याचे मोठे श्रेय या लाल औषधाला आणि पायराझिनामाइडला जाते. झोपलेले जंतू एकाच दिवशी उठत नाहीत, म्हणून बरे वाटल्यानंतरचे चार महिने त्यांच्यासाठी राखलेले असतात.

सरकारी गोळीत ही औषधे एकत्रच असतात. मात्रा वजनावर ठरते. 50 ते 64 किलो वजनाच्या माणसाला रोज चार गोळ्या. पहिले 56 दिवस चार औषधांच्या, पुढचे 112 दिवस तीन औषधांच्या. एकूण 168 दिवस आणि 672 गोळ्या. ही संख्या घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि रोज एक खूण करा.

रक्त कोणते, औषध कोणते, कावीळ कोणती

रंगाचे तीन प्रकार ओळखता आले पाहिजेत.

औषधाचा रंग: नारंगी ते लालसर. गोळी घेतल्यावर काही तासांत गडद, पुढे फिका होत जाणारा. दुखणे नाही, जळजळ नाही, डोळे पांढरेच.

रक्त: गुलाबी किंवा काळपट, कधी गाठीसह, दिवसभर तसेच. सोबत अंगावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके किंवा हिरड्यांतून रक्त असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

कावीळ: लघवी गर्द पिवळी, आणि डोळ्यांचा पांढरा भागही पिवळा. त्याआधी अन्न नकोसे होते, उलट्या होतात, पोटात उजवीकडे वर दुखते. हा एक प्रसंग असा आहे की गोळ्या लगेच थांबवायच्या आणि त्याच दिवशी दवाखान्यात यायचे. टीबीच्या चारपैकी तीन औषधांचा भार यकृतावर पडतो. त्यात मोहाची किंवा कसलीही दारू आणि कोणी दिलेला अनोळखी पाला किंवा मुळी यांची भर पडली तर यकृत दगा देते. गोळ्या परत कधी आणि कशा सुरू करायच्या हे डॉक्टरच ठरवतील, स्वतःहून नाही.

आणखी दोन खुणा. हातापायाला मुंग्या आल्या तर ते आयसोनियाझिडमुळे असू शकते, त्यासाठी बी-6 जीवनसत्त्वाची साधी गोळी पुरते. लाल आणि हिरव्या मिरचीतला फरक ओळखता येईना, नजर अंधूक झाली, तर ते एथाम्ब्युटॉलमुळे असू शकते. ते अंगावर काढू नका.

औषध बिघडते तेव्हा

चुकारांचे राज्य येते म्हणजे काय, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मुंबईतल्या झोपडपट्टी भागातल्या शंभर खासगी डॉक्टरांनी टीबीसाठी तब्बल 80 वेगवेगळ्या उपचारपद्धती लिहून दिल्या होत्या. हा दोष रुग्णांचा नव्हता, आमच्या व्यवसायाचा होता. वीस वर्षांनी, 2011 च्या डिसेंबरात, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांची नोंद जगापुढे ठेवली, ज्यांच्या जंतूंवर तपासलेले कोणतेच औषध चालत नव्हते.

अशा बिघडलेल्या टीबीसाठी दिल्या जाणाऱ्या कॅनामायसिनसारख्या इंजेक्शनांनी अनेकांचे कान घेतले. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांची श्रवणशक्ती अशीच गेली. बेडाक्विलीन या नव्या गोळीवरची मक्तेदारी वाढू नये म्हणून त्यांनी दक्षिण आफ्रिकेतील फुमेझा टिसिले यांच्यासह पेटंट कार्यालयात हरकत घेतली. मार्च 2023 मध्ये कंपनीचा पेटंट वाढवण्याचा अर्ज फेटाळला गेला. आज औषधाला न जुमानणाऱ्या टीबीसाठी इंजेक्शनांऐवजी गोळ्यांचाच उपचार मिळतो, यामागे अशा रुग्णांची लढाईही आहे.

म्हणून उपचाराआधी बेडक्याची ट्रूनॅट किंवा सीबीनॅट तपासणी करून घ्याच. गोव्याच्या मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट यंत्र काही तासांत दोन गोष्टी सांगते: जंतू आहे का, आणि त्यावर रिफाम्पिसिन चालेल का.

तुमचे प्रश्न

गोळ्या केव्हा घ्याव्यात? सकाळी रिकाम्या पोटी, सगळ्या एकदम. अन्नासोबत रिफाम्पिसिन कमी शोषले जाते. अर्ध्या-एक तासाने न्याहारी करा. कापणीला पहाटे निघणाऱ्यांनी उठल्या उठल्या घ्याव्यात, मग भाकरी बांधावी. फारच मळमळ होत असेल तर हलके काहीतरी खाऊन घ्या, पण घ्याच.

केळे चालते का? चालते. केळ्याने टीबी वाढत नाही आणि औषधाशी त्याचे भांडणही नाही. मधुमेह असेल तर बेताने. कळण्याची भाकरी, डाळी, शेंगदाणे, अंडी, दूध, सगळे खा. निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत दरमहा 1000 रुपये रुग्णाच्या बँक खात्यात येतात. खाते क्रमांक पहिल्याच भेटीत द्या.

माला-एन चालू आहे, ठीक आहे का? नाही. रिफाम्पिसिन यकृताला इतर औषधे भराभर संपवायला लावते. पाळणा लांबवायच्या गोळ्या त्यामुळे निकामी होतात. तांबी किंवा निरोध वापरा. रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या काही गोळ्यांचाही जोर कमी होतो, म्हणून चालू असलेले प्रत्येक औषध डॉक्टरांना दाखवा.

बाळाला अंगावर पाजता येते का? येते. खोकताना तोंडावर पदर किंवा मास्क ठेवा. ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही, टीबी हवेतून पसरतो, भांड्यांतून नाही.

कामासाठी बऱ्हाणपूरकडे जावे लागते, मग? जा, पण निक्षयचा, म्हणजे सरकारी टीबी नोंदणीचा, क्रमांक सोबत न्या. देशात कुठल्याही सरकारी केंद्रात त्यावर उपचार पुढे चालतो. गोळ्या गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याच्या छपराखाली ठेवू नका, आपल्याकडचा मे त्यांना सोसत नाही.

तो कापणीवाला तरुण त्याच सकाळी माझ्यासमोर चार गोळ्या घेऊन कामावर गेला. तुमच्या घरात, टोळीत, वाड्या-पाड्यावर कोणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, संध्याकाळी ताप येत असेल, वजन उतरत असेल, तर आशाताईंना सांगा, नाहीतर 1800-11-6666 या मोफत क्रमांकावर फोन करा. आणि कोणाच्या गोळ्या सुरू होणार असतील तर त्याला आजच, पहिल्या डोसाआधी, एवढे सांगून ठेवा: लघवी नारंगी होईल, ते औषध आहे, रक्त नाही.